बदलापूरला शिफ्ट व्हायचंय? आधी एक वही घ्या

मुंबईत भाडं परवडेना झालं की घरात कुणीतरी बदलापूरचं नाव काढतंच. आमच्याकडेही तसंच झालं. मुलुंडला वन बीएचकेचं भाडं चोवीस हजारावर गेलं, घरमालक दर अकरा महिन्यांनी वाढवून मागायचा, आणि बदलापूरला तेवढंच घर नऊ हजारात मिळत होतं. म्हणजे महिन्याला सरळ पंधरा हजार वाचणार, अजून काय पाहिजे, असं वाटलं. पण हे पंधरा हजार आपल्या हातात पूर्ण येत नाहीत, आणि जे येतात त्याच्या बदल्यात काय जातं ते आधी मोजा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. अंबरनाथ, टिटवाळा, विरार, कुठेही जाणार असाल तरी रीत हीच, फक्त आकडे तुमचे घाला.

वहीच्या एका पानावर आत्ताचा महिन्याचा खर्च, दुसऱ्यावर तिकडचा. भाडं, लाईट, पाणी, मेंटेनन्स हे सगळेच लिहितात, ते सोडा. घरातला प्रत्येक माणूस दाराबाहेर पडल्यापासून परत दारात येईपर्यंत काय काय खर्च करतो ते लिहा. आमचं असं निघालं: आम्ही दोघं दादरला नोकरीला, मुलुंडला स्टेशन चालत होतं, बदलापूरला घर स्टेशनपासून लांब, म्हणजे शेअर रिक्षा. माणशी वीस रुपये धरले, जायचे-यायचे, पंचवीस दिवस, दोघांचे झाले दोन हजार. दोन सेकंड क्लास पासांचा जास्तीचा खर्च पाचशे. इन्व्हर्टर आणि मेंटेनन्समधला टँकरचा वाटा मिळून हजार. आणि सगळ्यात मोठा आकडा जो आम्ही आधी धरलाच नव्हता तो म्हणजे मुलीला संध्याकाळी सांभाळायचे पाच हजार, कारण आजी भांडुपला, मुलुंडला असताना ती रोज यायची, बदलापूरला कशी येणार? झाले साडेआठ हजार. पंधरातले उरले साडेसहा.

आता त्याच पानावर खाली तास लिहा, हे अजिबात चुकवू नका. मुलुंडहून ऑफिसला घरापासून तास लागायचा, बदलापूरहून सव्वादोन. म्हणजे एका वेळेला सव्वा तास जास्त, दिवसाला अडीच, महिन्याला एका माणसाचे साडेबासष्ट तास आणि दोघांचे १२५. साडेसहा हजार भागिले १२५, तासाला ५२ रुपये. तेवढ्यासाठी मुलगी झोपल्यावर घरी पोचायचं का, असा प्रश्न बायकोने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही, तो प्लॅन आम्ही तिथेच थांबवला.

मग वर्षभराने बायकोला आठवड्यात तीन दिवस घरून काम मिळालं आणि तीच वही परत उघडली. तिच्या फेऱ्या महिन्याला दहावर आल्या, रिक्षाचे सहाशे वाचले, सांभाळायचे पैसे निम्मे झाले, म्हणजे हातात उरणार ९६०० आणि तास गेले साडेसत्त्याऐंशी. तासाला ११० च्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. घर तेच, भाडं तेच, ट्रेन तीच, पण आता जमतंय असं दोघांनाही वाटलं आणि आलो. म्हणून सांगतो, बदलापूर स्वस्त आहे का असं कुणाला विचारू नका, आपल्या घरातल्या माणसांच्या नोकऱ्या कुठे आहेत आणि म्हातारी माणसं, पोरं कुणाच्या भरवशावर आहेत ते आधी बघा.

आता ट्रेन. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किमी, कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. कल्याणपर्यंत फास्टला वेगळे ट्रॅक आहेत पण कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच लाईन, आणि पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेसही त्याच लाईनवरून जातात. त्यामुळे एखादी गाडी रखडली की मागची लोकल आपोआप उभी राहते. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन मंजूर आहे, एमयूटीपी ३ए या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांच्या योजनेत आहे, पण होणार आहे म्हणून आजचा हिशोब करू नका. ब्रोकर मेट्रो येणार, नवीन स्टेशन येणार असं सगळं सांगतो. ऐकून घ्या आणि वहीत मात्र आजचंच टाइमटेबल लिहा.

टाइमटेबल बघताना गाडी कुठून सुटते ते बघा. बदलापूरहून सुटणारी गाडी आणि कर्जतहून येणारी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कर्जतची येते ती भरूनच. आणि बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीतही सीट मिळेलच असं धरू नका कारण अंबरनाथची माणसं उलट्या दिशेने बसून येतात आणि त्याच गाडीने परत जातात. त्यांचा राग करून उपयोग नाही, त्यांनाही उभं राहून कंटाळा आलेला असतो. तुमच्या ऑफिसच्या वेळेला बदलापूरहून सुटणाऱ्या किती गाड्या आहेत ते मोजा. दोन-तीनच असतील तर एक चुकली की लेटमार्क.

सगळ्यात महत्त्वाची पायरी: शिफ्ट व्हायच्या आधी आठवडाभर तिकडून ऑफिसला जाऊन बघा. नातेवाईक असेल तर त्याच्याकडे राहा, नसेल तर निदान तीन दिवस संध्याकाळी ऑफिसातून बदलापूरला जा, स्टेशनवरून रिक्षाच्या लाईनीत उभे राहा, घराच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन परत या. रविवारी दुपारी रिकाम्या ट्रेनने जाऊन घर बघून येणारे फसतात, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. आणि जमलं तर हे जुलैत करा.

जुलै म्हणायचं कारण उल्हास नदी. पश्चिमेला नदी जवळ आहे, २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ लाही आलं. २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूला घर बघत असाल तर खालच्या किराणावाल्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं? तो हाताने भिंतीवर दाखवेल. तळमजला तर नकोच, आणि गाडी पार्किंगला कुठे उभी राहते तेही बघा, वरच्या मजल्यावर राहून बाईक बुडालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. विकत घेणार असाल तर प्लॉट पूररेषेत येतो का हे नगरपालिकेत विचारून घ्या, बिल्डरच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पूर्वेला कात्रप, खरवई, शिरगाव या बाजूला नदीची भीती कमी, पण तिथे स्टेशनपासून किती आत आहे त्यावर सगळं अवलंबून, जितकं आत तितकं भाडं कमी आणि तितकी रिक्षा जास्त.

पाणी बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. पाणी येतं का असं विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून प्रश्न असा विचारा: किती वाजता येतं, किती वेळ, प्रेशर कसं असतं, आणि मे महिन्यात सोसायटीने किती टँकर मागवले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सेक्रेटरीकडे किंवा वॉचमनकडे असतं, ब्रोकरकडे नसतं. लाईट महावितरणची, भांडुप-मुलुंडच्या लोकांना सवय असेल, पण बेस्ट किंवा अदानीच्या भागातून येणाऱ्याला सुरुवातीला त्रास होतो, पावसाळ्यात जास्त. घरून काम असेल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

दवाखान्याचं मनापासून सांगतो. साध्या आजाराला डॉक्टर भरपूर आहेत, पण सायन किंवा केईएमसारखं मोठं सरकारी हॉस्पिटल जवळ नाही, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे आणि त्याच्या पुढे कल्याण-ठाणे. घरात हार्टचा पेशंट किंवा डायलिसिसवालं माणूस असेल तर ते कुठे न्यायचं, रात्री दोन वाजता कशाने न्यायचं आणि किती वेळ लागेल हे ठरल्याशिवाय टोकन देऊ नका.

स्वस्त काय आहे तेही सांगतो, नाहीतर वाटेल मी घाबरवतोय. भाजी स्वस्त आणि ताजी. पावसाळ्यात आदिवासी बायका शेवळं, कर्टुली, टाकळा घेऊन बसतात, आणि जांभळं तर बदलापूरची प्रसिद्धच. क्लासेस, टेलर, घरकामाच्या ताई, सगळं मुंबईपेक्षा कमी. पण कपडे, मोबाईल, औषधं, शाळेची पुस्तकं यांची किंमत सगळीकडे सारखी, त्यामुळे सगळाच खर्च निम्मा होईल असं धरू नका.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, टॅक्स. जुन्या रिजीममध्ये एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची सूट, घेत असाल तर भाडं कमी झालं की सूटही कमी होते, शिवाय मुंबईत राहणाऱ्याला बेसिकच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा असते आणि बदलापूरला चाळीस टक्क्यांची. ऑफिसच्या अकाउंट्समधून आकडा काढून घ्या आणि वहीत टाका.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, लगेच फ्लॅट बुक करू नका, हे मी हात जोडून सांगेन. लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट रजिस्टर करून घ्या, स्टॅम्प ड्युटी पाव टक्काच असते, घरमालक नोटरीवर भागवू म्हणाला तरी ऐकू नका, गॅस आणि आधारच्या पत्त्याला रजिस्टर कागदच कामाला येतो. वर्षाने घ्यायचं ठरलं तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर प्रोजेक्ट बघा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) झालेलं घर असेल तर जीएसटी लागत नाही हे लक्षात ठेवा. बांधकाम चालू असलेल्या घराला ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंत आणि ४५ लाखांपर्यंत एक टक्का, त्याच्या वर गेलं की पाच. चाळीस लाखाला चाळीस हजार आणि सेहेचाळीस लाखाला दोन लाख तीस हजार, म्हणजे पार्किंग वगैरे धरून किंमत ४५ च्या पुढे ढकलली जात असेल तर तिथेच थांबवा. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे.

सामान हलवायला मे चांगला. शाळेचं वर्ष संपलेलं असतं आणि जूनच्या पहिल्या पावसात गादी भिजत नाही. मतदार यादीचा पत्ता फॉर्म ८ भरून बदलतो, बाईकचा नंबर बदलावा लागत नाही. आणि पास. क्वार्टरली पास पावणेतीन महिन्यांहूनही कमी पैशात पडतो म्हणून लोक पहिल्याच दिवशी तो काढतात, तुम्ही काढू नका. पहिला महिना मंथलीच काढा, तोही सेकंड क्लासचा, आणि रोज रात्री घरी किती वाजता पोचलात ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत चला.