चीज तेलात फुटतं, पास्ता दगड होतो : पार्टीच्या तळणातल्या या चुका टाळा

भाच्याच्या वाढदिवसाला मी चाळीस चीज स्टिक केल्या होत्या. ताटात पोचल्या अकरा. बाकीच्या एकेक करून कढईतच उकलल्या. चीज तेलात सांडलं, तेल तडतडायला लागलं आणि झाऱ्यावर नुसती पोकळ टरफलं आली. त्यातली बरी दिसणारी मी तशीच वाढली. आत्याने एक उचलून मोडलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कवच छान झालंय गं. आत घालायचं राहिलं का काही?"

तेव्हा मी तेलाला नावं ठेवली, चीजला ठेवली, शेगडीलाही ठेवली. खरी चूक आदल्या रात्रीची होती, आदल्या रात्री मी काहीच केलं नव्हतं. दुपारी कापलं, घोळवलं आणि लगेच तळायला घेतलं. चीज आणि पास्त्याच्या तळणात कढईपाशी होणाऱ्या चुका थोड्याच. बहुतेक बिघाड त्याआधीच, फ्रीज आणि ओटा यांच्या दरम्यान झालेला असतो.

असं बघा. मोझरेला साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला पाघळायला लागतं आणि तेल असतं १८०च्या घरात. बाहेरचं आवरण सोनेरी व्हायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढ्या वेळात आतलं चीज नुसतं पाघळलं तर ठीक, पण उकळायला लागलं की संपलं. चीजमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. त्याची वाफ झाली की ती बाहेर पडायला जागा शोधते आणि आवरणात सुईएवढी फट असली तरी चीजला सोबत घेऊन निघते. तेव्हा आपल्याला दोनच गोष्टी साधायच्या आहेत. चीज उशिरा पाघळलं पाहिजे आणि फट राहता कामा नये.

चीज कोणतं घेताय?

पाण्यात ठेवलेले ताज्या मोझरेलाचे पांढरे मऊ गोळे सॅलडसाठी. अमेरिकेच्या मानकांप्रमाणे त्यात ५२ ते ६० टक्के पाणी असतं, तर पिझ्झासाठी वापरतात त्या कमी पाण्याच्या घट्ट मोझरेलात ४५ ते ५२ टक्के. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, कढईत वाटत नाही. तळायला घट्ट लादीच घ्या. किसून पाकिटात भरलेलं मोझरेला पास्त्याच्या मिश्रणात चालतं, पण त्याच्या कांड्या होणार नाहीत.

घराघरात असतात ते प्रोसेस्ड चीजचे क्यूब तळायला सोपे. त्यात चरबी आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारे इमल्सिफायर क्षार असतात, त्यामुळे ते एकसंध पाघळतं आणि तूप सोडत नाही. पण तार येत नाही. रोममध्ये भाताचे तळलेले गोळे मिळतात, सुप्ली म्हणतात त्यांना. तो मोडला की दोन तुकड्यांमध्ये मोझरेलाची तार लोंबते, टेलिफोनच्या वायरीसारखी, म्हणून त्याचं नावच 'सुप्ली अल तेलेफोनो'. ती तार क्यूबमधून काढायचा प्रयत्न मी बरेच दिवस केला. येत नाही, सोडून द्या. क्यूब चवीला आणि बांधणीला, मोझरेला तारेला, असे दोन्ही मिसळून घेतले तर काम होतं.

स्वस्तातलं पाकीट उचलण्याआधी मागचे घटक वाचा. त्यात पाम तेल दिसलं तर ते नुसत्या दुधाचं चीज नाही. तापल्यावर त्याचं तेल सुटण्याची शक्यता जास्त.

घोळवताना होणारा आळस

चीजचा पृष्ठभाग ओशट असतो. त्यावर थेट पातळ पीठ घातलं तर ते घसरतं. म्हणून आधी कोरड्या मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटकून टाका. मग पातळ पीठ, मग ब्रेडक्रम्स. आणि मग पुन्हा एकदा पातळ पीठ, पुन्हा ब्रेडक्रम्स. हा दुसरा हात ऐच्छिक नाही. माझ्या त्या एकोणतीस टरफलांना एकच हात होता.

घरात अंडं चालत असेल तर फेटलेलं अंडं उत्तम, कारण ते उष्णतेने घट्ट होऊन फटी बुजवतं. नसेल तर चार चमचे मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूट मीठ आणि अंदाजे अर्धी वाटी पाणी. भज्यांच्या पिठापेक्षा पातळ हवं. डाव बुडवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे. रेघ लगेच मिटली तर पातळ झालंय.

आता एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. कॉर्नफ्लोअर पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. पहिल्या दहा कांड्या झकास निघतात आणि नंतरच्या फुटतात, तेव्हा आपण तेलाला दोष देतो. खरं म्हणजे तोवर वाडग्यात वर नुसतं पांढुरकं पाणी राहिलेलं असतं आणि सगळा जीव खाली घट्ट बसलेला असतो. दर तीन-चार कांड्यांनंतर तळापासून ढवळा.

आणि टोकं! आपण कांडी आडवी लोळवतो, दोन्ही बाजूंची चौकोनी टोकं तशीच राहतात. प्रत्येक टोक क्रम्समध्ये उभं दाबा. एक हात ओल्याला, एक हात कोरड्याला, नाहीतर पाचव्या कांडीपर्यंत बोटांचीच भजी होतात.

क्रम्सबद्दल म्हणाल तर बेकरीतल्या गोड टोस्टचा चुरा वापरू नका. त्यातली साखर लवकर करपते. वरून चॉकलेटी, आत चीज अजून थंड, हे बहुधा त्याचंच लक्षण. दोन दिवसांचा लादीपाव मिक्सरला जाडसर फिरवून मंद आचेवर कोरडा करा. पातळ पोहे हाताने चुरून घेतले तर आवरण जास्त कुरकुरीत होतं आणि तसं राहतंही. ओरेगॅनो, चिली फ्लेक्स क्रम्समध्ये घालू नका, तेलात करपून कडवट होतात. पातळ पिठात घाला.

घोळवलेल्या कांड्या ताटात एकमेकींना न चिकटता मांडून किमान दोन तास फ्रीजरला. कडक झाल्या की झाकणाच्या डब्यात भरा. उघड्या ठेवल्या तर वर बर्फाचे कण धरतात आणि तेच कण गरम तेलात पडल्यावर हातावर उडतात.

पास्ता : इथे इटालियन शिस्त उपयोगाची नाही

पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. सॉसमध्ये घालायचा असेल तर बरोबर. पण तळून कुरकुरीत चिप्स करायच्या असतील तर तो दाताला लागणारा गाभा तेलात अजून सुकतो आणि खाताना दाढ दुखते. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक-दोन मिनिटं जास्त शिजवा, पण लगदा नको. निथळून लगेच थोडं तेल चोळा आणि सुती कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा.

चिप्सना फुलपाखरासारखा फारफाले घ्या. पेन्ने किंवा मॅकरोनी घेतली तर नळीत पाणी अडकून राहतं. बाहेरून कोरडा वाटणारा तुकडा तेलात गेला की नळीतलं ते पाणी फटकन उडतं. मी चष्मा लावते म्हणून एकदा वाचले. नळीचाच पास्ता असेल तर एकेक तुकडा उभा धरून झटका किंवा बेत बदला. आणि किसलेलं चीज तळण्याआधी लावायचं नाही. आधी कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळा, तेल निथळलं की गरम असतानाच चीज पावडर, तिखट, मीठ भुरभुरा.

मॅक अँड चीज म्हणजे चीज सॉसमधली मॅकरोनी. तिच्या तळलेल्या वड्यांचा प्रश्न वेगळा. तिथे पास्ता थोडा कमीच शिजलेला चालतो, कारण तो नंतर सॉस पितो. तिथे घात करतो तो पातळ सॉस. नेहमीच्या व्हाइट सॉसला एक कप दुधाला दोन मोठे चमचे मैदा पुरतो, वड्यांना चार मोठे चमचे लागतात आणि लोणी त्याच मापाने. मैदा लोण्यात कच्चा वास जाईपर्यंत परता, दूध थोडं थोडं घाला आणि मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवा. गॅस बंद करा आणि मग चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये घातलेलं चीज रवाळ होतं आणि तूप सोडतं. मीठ चाखूनच घाला, चीजमध्ये ते असतंच.

पुढचं काम आपल्या बायकांना शिकवायची गरज नाही. तेल लावलेल्या ताटात दोन सेंटिमीटर जाडीचं थापायचं, वर प्लास्टिक चिकटवून फ्रीजमध्ये किमान चार तास किंवा रात्रभर ठेवायचं आणि कोथिंबीर वडीसारख्या वड्या पाडायच्या. सुरीला चिकटत असेल तर अजून थंड झालेलं नाही, थांबा. गोळेच वळायचा हट्ट असेल तर वळा, पण हाताच्या उबेने सॉस सैल होतो आणि चाळीस गोळ्यांनंतर कंबरही. थापलेली वडी दिसायला कमी गोंडस, पण फुटत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. नुसत्या चीजच्या कांड्या फ्रीजरमधून थेट तेलात सोडायच्या, मॅक अँड चीजच्या वड्या मात्र फ्रीजमधून. त्या गोठवून दगड केल्या तर बाहेरून रंग येईपर्यंत मधला भाग गारच राहतो. पाहुण्याने वडी चावल्यावर चेहरा कसा होतो, ते बघवत नाही.

रॅव्हिओली म्हणजे आत सारण भरलेला पास्ता. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 'टोस्टेड रॅव्हिओली' प्रसिद्ध आहे. नावात टोस्टेड असलं तरी ती क्रम्स लावून चक्क तळलेलीच असते, सोबत टोमॅटो सॉस. तयार भरलेली रॅव्हिओली हाती लागली तर करून बघा, फक्त कडा ओल्या बोटाने पुन्हा दाबून घ्या.

मंद आच विसरा

चकली, करंजी, शंकरपाळी यांनी आपल्याला एकच धडा गिरवायला लावलाय, मंद आचेवर तळा, घाई करू नका. तिथे पीठ कच्चं असतं, आतपर्यंत शिजून सुकायला वेळ लागतो. इथे आत शिजायचं काहीच नाही. इथे मंद आच म्हणजे चीजला पळून जायला दिलेली सवड. चीज स्टिकला तेल १८५-१९० अंश, वडीला १७५-१८०.

थर्मामीटर नसेल तर पातळ पिठाचा थेंब टाका. तळाशी जाऊन रेंगाळत वर आला तर तेल अजून कच्चं आहे. थोडा खाली जाऊन लगेच उसळला तर बरोबर. पडताक्षणी तपकिरी झाला तर आच कमी करून दोन मिनिटं थांबा. लिटरभर तेलात एका वेळी चार-पाचच कांड्या. गोठलेले दहा तुकडे एकदम सोडले की तेल गार पडतं, मग आवरण तेल पीत बसतं. दर घाण्यानंतर बारीक गाळणीने चुरा काढा, नाहीतर चौथ्या घाण्याला काळे ठिपके चिकटतात. आणि कढई अर्ध्याच्या वर भरू नका.

सगळ्यात आधी एकच कांडी तळून बघा. ती फुटली तर गॅस बंद करा, बाकीच्यांना अजून एक हात द्या आणि अर्धा तास फ्रीजरला ठेवा. पाहुणे दारात असले तरी. कढईत सूं असा आवाज एकदम वाढला आणि एकाच जागी मोठे बुडबुडे यायला लागले, म्हणजे तिथे फट पडली. रंगाची वाट बघू नका, ती कांडी तेवढ्यातच उचला.

शेवटी कॅसरोलमध्ये घालू नका

गरम राहावं म्हणून तळलेलं सगळं आपण कॅसरोलमध्ये भरून झाकण लावतो. दहा मिनिटांत झाकणाखाली घाम सुटतो आणि तासभराची मेहनत ओल्या पावासारखी होते. टिश्यूवर रास करणंही तेच. स्टीलची चाळणी उपडी घालून त्यावर एकेरी मांडा, म्हणजे खालूनही वारं लागतं. ओटीजी असेल तर १०० अंशांवर जाळीवर वीसेक मिनिटं छान राहतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हवेनेच मऊ पडतात, तेव्हा दोन टप्प्यांत तळणं बरं. केक कापायच्या आधी अर्ध्या, नंतर अर्ध्या. उरलेल्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. १८० अंशांच्या ओव्हनला पाच-सात मिनिटं पुरतात.

आणि लहान मुलांच्या पंगतीत कढईतून काढल्याबरोबर वाढू नका. वरून कोमट लागतं, आत पाघळलेलं चीज जिभेला आणि टाळूला चिकटून भाजतं. दोन-तीन मिनिटं थांबा, पहिली कांडी मधोमध मोडून बघा. वाफ निवली आणि तार अजून येत असेल, तर ताट बाहेर जाऊ द्या.