या चुका टाळा: शब्द इंग्रजी, वाक्य मराठी

वह्या तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त वेळा एकाच वाक्यावर थांबतं: 'आय हॅव सेन्ट इट यस्टरडे.' लिहिणारा नवखा नसतो. काळांचा तक्ता त्याला पाठ असतो, 'हॅव'पुढे क्रियापदाचं तिसरं रूप लागतं हेही ठाऊक असतं. गडबड त्याच्या आधीच झालेली असते. मनात 'मी ते काल पाठवलं आहे' तयार होतं, जे मराठीत अगदी बरोबर आहे, आणि मग 'आहे'च्या जागी 'हॅव' येऊन बसतं. इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019' असा संपून गेलेला काळ सांगितला की 'हॅव' चालत नाही. 'आय सेन्ट इट यस्टरडे' म्हणा. नाहीतर कधी पाठवलं ते सांगूच नका: 'आय हॅव सेन्ट इट.'

याची उलटी चूक जास्त महागात पडते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका ताईंनी नोकरीच्या अर्जात लिहिलं, 'आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर सिक्स इयर्स.' त्या तेव्हाही तिथेच काम करत होत्या. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, 'ती नोकरी का सोडलीत?' सोडलीच नव्हती, तर कारण काय सांगणार? त्या गोंधळल्या, आणि पुढची सगळी मुलाखत खुलासे करण्यात गेली. तो अर्ज मीच पाहून दिला होता. स्पेलिंगं सुधारली, पण 'वर्क्ड' नजरेतून सुटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिथे 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग' हवं होतं.

तेव्हापासून वाक्यात 'फॉर' आणि वर्षं दिसली की मी समासात लिहिते: 'अजून चालू आहे?' चालू असेल तर 'हॅव', संपलं असेल तर साधा भूतकाळ. तुम्हीही पाठवण्याआधी स्वतःला एवढं विचारा.

याच वाक्यात 'सिन्स' घुसतं, कारण आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो: 2019पासून आणि सहा वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स 2019', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर सिक्स इयर्स'. 'पासून म्हणजे सिन्स' हे सूत्र पाठ करून येणाऱ्यांची सवय मोडायला मला महिने लागतात. असली सूत्रं घाई असलेल्यांना फार आवडतात. मला ती मुळीच आवडत नाहीत.

दुसरी चिवट चूक: 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' मराठीत 'स्टेशन कुठे आहे' आणि 'स्टेशन कुठे आहे ते सांगाल का' यांत शब्दांचा क्रम बदलत नाही, म्हणून इंग्रजीतही प्रश्न जसाच्या तसा पोटात घेतला जातो. तिथे मात्र तो सरळ होतो: 'व्हेअर द स्टेशन इज.' 'आय डोन्ट नो व्हॉट ही वॉन्ट्स' यातही तेच, 'डझ' गळून पडतं. मी आधी आतलं वाक्य वेगळं लिहायला लावते, मग 'कॅन यू टेल मी' पुढे चिकटवायला.

बाकीच्या थोडक्यात. 'डिडन्ट'पुढे 'वेंट' नाही, 'गो'. भूतकाळ एकदाच दाखवायचा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. ते आपल्या 'विषयी'मुळे येतं. 'रिटर्न'मध्ये 'बॅक' आहेच. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' यांना 'एस' लागत नाही. 'लुकिंग फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नाही, 'मीटिंग'. 'अ' की 'ॲन' हे अक्षर पाहून ठरवू नका, शब्द मोठ्याने म्हणून पाहा: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.