ग्रँड कॅन्यन नीट कसं पाहावं? एक संध्याकाळ आणि एक पहाट राखून ठेवा

पहाटे लास व्हेगासहून बस, भर दुपारी कड्यावर, दोन तास फोटो आणि रात्री परत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं ग्रँड कॅन्यन मी पहिल्यांदा असंच पाहिलं आणि परतताना मनाला रुखरुख लागली. दुपारचं ऊन थेट डोक्यावर असतं, दरीत सावल्या उरत नाहीत आणि एवढी अफाट दरी रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट दिसते. पुढे आई-बाबा पुण्याहून आले, तेव्हा त्यांना घेऊन तिथे एक रात्र मुक्काम केला आणि ही दरी खरी पाहिली ती तेव्हाच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच: अमेरिकेच्या सुट्टीतली दुसरी एखादी जागा गाळा, पण इथे रात्र काढा.

१. कोणतं ग्रँड कॅन्यन, ते आधी ठरवा

इथे पुष्कळांची गल्लत होते. काचेचा तो प्रसिद्ध स्कायवॉक ‘ग्रँड कॅन्यन वेस्ट’ला आहे. तो भाग हुआलापाय या आदिवासी समाजाच्या मालकीच्या जमिनीवर येतो. तिथलं तिकीट वेगळं, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. व्हेगासहून जवळ म्हणून एका दिवसाच्या बऱ्याच सहली तिकडे जातात. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालेली दरी पाहायची असेल, तर ‘साउथ रिम’, म्हणजे दक्षिण कडा गाठा. तो वर्षभर उघडा असतो. ‘नॉर्थ रिम’ हिवाळ्यात बंद असतो आणि २०२५च्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळून गेलं.

सहल आरक्षित करताना ‘साउथ रिम’ हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.

२. पोचायचं कसं, राहायचं कुठे

व्हेगासहून दक्षिण कडा सुमारे ४५० किलोमीटर, गाडीने साडेचार-पाच तास. फिनिक्सहून साडेतीन-चार तास लागतात. माझी पसंती फिनिक्सला, कारण रस्ता सोपा आहे आणि वाटेत फ्लॅगस्टाफला जेवणखाण उरकता येतं. विल्यम्स गावातून १९०१ साली सुरू झालेली रेल्वे थेट कड्यापर्यंत नेते. लहान मुलं बरोबर असतील तर ती जरूर घ्या.

मुक्काम कड्यावरच्या लॉजमध्ये मिळाला तर उत्तमच. ती आरक्षणं वर्षभर आधीच सुरू होतात, त्यामुळे आई-बाबांच्या व्हिसाचं पक्कं झालं की लगेच खोली बघायला लागा. नाहीच मिळाली, तर उद्यानाच्या दक्षिण दरवाज्याबाहेरचं टुसायान गाव सोयीचं आहे.

प्रवेशशुल्क गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. १ जानेवारी २०२६पासून मात्र एक बदल झाला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला ग्रँड कॅन्यनसह ११ राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. भारतातून पाहुणे येणार असतील आणि झायन, ब्राइस कॅन्यन ही उद्यानंही यादीत असतील, तर आधी कागद-पेन घेऊन हिशोब करा. निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरचे दर एकदा पाहून घ्या.

३. थंडीचे कपडे घ्या, उन्हाळ्यातसुद्धा

ॲरिझोना म्हणजे वाळवंट, असं धरून लोक पातळ कपड्यांत येतात. दक्षिण कडा सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही बराच वर. उन्हाळ्यातही पहाटे गारठा असतो आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. शाल, कानटोपी, स्वेटर हवंच. हवा विरळ आणि कोरडी असल्याने धाप लवकर लागते. ज्येष्ठांना सावकाश चालू द्या, घोट घोट पाणी देत राहा.

४. संध्याकाळ: होपी पॉइंट

गाडी व्हिजिटर सेंटरला लावा आणि उद्यानाच्या मोफत शटल बस वापरा. त्यांत व्हीलचेअर चढवता येते. होपी पॉइंट ज्या हर्मिट रोडवर आहे, तिथे १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते, तिथे लाल मार्गाची बसच नेते. सूर्यास्त जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचला होतो. त्याआधी निदान दीड तास होपी पॉइंटला पोचा. सूर्य बुडाल्याबरोबर लोक बसकडे धावतात. तुम्ही थांबा. त्यानंतरच्या वीस मिनिटांत लाल खडक आधी जांभळे, मग राखाडी होत जातात आणि दरीतला अंधार पाणी भरावं तसा खालून वर चढत येतो. आई कठड्याला धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही. शेवटी इतकंच म्हणाली, “अरे, हे सगळं त्या एवढ्याशा नदीनं कोरलं?”

हो, कोलोरॅडो नदीनंच. दरीची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली सुमारे १,६०० मीटर. समुद्रसपाटीपासूनची अख्खी कळसूबाई आत उभी केली, तर तिचा माथा जेमतेम कड्याला लागेल.

रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं तरी बाहेर या. २०१९पासून हे आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान आहे. इथला आकाशगंगेचा पट्टा आमच्या बाबांना लहानपणच्या गावच्या अंगणाची आठवण देऊन गेला.

५. पहाट: मेदर पॉइंट

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी मेदर पॉइंटला उभे राहा. व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगपासून पाचेक मिनिटांची वाट आहे. पूर्वेकडे जो टोकदार सुळका पहिल्यांदा उजळतो, त्याचं नाव ‘विष्णू टेंपल’. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांना हे सुळके पौर्वात्य मंदिरांसारखे वाटले, आणि नावं देण्याचा तो प्रघात पडला. दरीत शिवा टेंपल आहे, ब्रह्मा टेंपल आहे. तळाशी असलेल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एकालाही ‘विष्णू शिस्ट’च म्हणतात. वय १७० कोटी वर्षांच्या वर! बाकड्यावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी हे सांगितलं, तेव्हा आईनं नकळत हात जोडले.

खाताना खारी जवळ येतात. त्यांना घास देऊ नका, त्या चावतात.

तिथून यावापाय संग्रहालय आणि पुढची ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही सपाट पायवाट धरा. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे पृथ्वीची दहा लाख वर्षं. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपेल तेवढी चाला.

६. खाली उतरायचंय? हिशोब उलटा आहे

सह्याद्रीत आपण ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे आधी मजेत उतरायचं, आणि पाय थकल्यावर उन्हात चढायचं. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. उन्हाळ्यात दरीच्या आत पारा ४० अंशांपुढे जातो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न मुळीच करू नका, राजगड-तोरणा केलेल्यांनीसुद्धा. साउथ कायबाब वाटेने ‘ऊह आह पॉइंट’पर्यंत, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उतरून परत येणं पुरेसं सुंदर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात. गडगडाट ऐकू आला की कडा सोडा.

७. परतीची वाट पूर्वेकडून

आल्या वाटेने परतू नका. डेझर्ट व्ह्यू ड्राइव्ह या सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्याच्या टोकाला मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी उभारलेला १९३२चा दगडी मनोरा आहे, आणि आत होपी या आदिवासी समाजातले चित्रकार फ्रेड काबोटी यांची भित्तिचित्रं. इथून नदी चांगली लांबवर दिसते. पुढे पूर्व दरवाज्याने कॅमेरून गावातून फ्लॅगस्टाफला जाता येतं. एक लक्षात ठेवा: ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, पण वाटेतल्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात करतात. तिथे मोबाइलचं घड्याळ एकदम तासभर पुढे जातं. संध्याकाळचं विमान असेल तर हिशोब फिनिक्सच्या वेळेनेच करा.