सोलापूरहून चंद्रशिळा: एका दिवसाची चढाई, नऊ दिवसांचं नियोजन

कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला चालत जाणाऱ्याला उत्तराखंडच्या हिमालयातलं चोपता गाव–तुंगनाथ मंदिर–चंद्रशिळा शिखर हे अंतर ऐकून हसूच येतं. जेमतेम पाच किलोमीटर वर आणि तेवढंच खाली. तुळजापूरचे पंचेचाळीस किलोमीटर जो एका रात्रीत तुडवतो, त्याला हे काय अवघड? पाय पुरतात, यात शंका नाही. प्रश्न पायांचा नसून उंचीचा आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. चोपता २,७०० मीटरवर, तुंगनाथ फलकांनुसार ३,६८० मीटरवर. चंद्रशिळेची उंची फलकांवर आणि माहितीपत्रकांत ४,००० मीटर दिलेली असते, नकाशे मात्र ३,७००च्या आसपास दाखवतात. आपण कमीचा आकडा धरला तरी सोलापुरात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याचा दोन तृतीयांशच तिथे मिळतो. म्हणून ही चढाई जमणार की नाही हे आदल्या दोन रात्री तुम्ही कुठे झोपलात यावर ठरतं.

दिवस मोजा, मगच तिकीट काढा

कर्नाटक एक्सप्रेस सोलापुराहून थेट नवी दिल्लीला जाते. या प्रवासाला एक दिवस आणि एक रात्र धरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या हंगामात लगेच भरतं, त्यामुळे जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा आधीच पक्क्या करून ठेवा. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश गाठून तिथेच झोपायचं. तिसऱ्या दिवशी ऋषिकेश–देवप्रयाग–श्रीनगर (गढवालमधलं)–रुद्रप्रयाग–उखीमठ. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर असलं तरी रस्ता घाटाचा आहे. सात ते नऊ तास लागतात, आणि दरड कोसळली तर किती लागतील ते सांगता येत नाही. डोंगरातल्या बस आणि जीप पहाटे सुटतात, दुपारनंतर लांबची गाडी मिळत नाही. ऋषिकेशला दहा वाजता उठून 'बघू काय मिळतं ते' म्हणणाऱ्यांचा एक दिवस तिथेच जातो.

तिसरी रात्र उखीमठला काढा. हे गाव १,३०० मीटरवर आहे. चौथ्या दिवशी सारी गावातून देवरिया तालला चढून या: अडीच-तीन किलोमीटर, वर पोचल्यावर उंची साधारण २,४०० मीटर. मग खाली उतरून गाडीने चोपत्याला मुक्काम. टप्प्याटप्प्याने उंची गाठायची, एवढं केलं की शरीराला सवय लागू लागते. पाचवा दिवस चढाईचा, त्याच संध्याकाळी परत उखीमठला. सहावा दिवस राखीव ठेवा. पाऊस, दरड किंवा डोकेदुखी, यांपैकी एक तरी तो खातंच. सातव्या दिवशी ऋषिकेश, आठव्या दिवशी दिल्लीहून गाडी, नवव्या दिवशी सोलापूर.

सगळ्यात जास्त माणसं ज्यामुळे फसतात ती चूक म्हणजे हे नऊ दिवस सहावर आणणं. दिल्लीहून रात्रीच्या बसने ऋषिकेश, तिथून लगेच जीपने चोपता आणि दुसऱ्या पहाटे चढाई. अशा वेळी शरीर साडेचारशे मीटरवरून अडीच-तीन दिवसांत ३,७०० मीटरवर येतं, तेही दोन रात्रींच्या अर्धवट झोपेवर आणि गाडीत पाणी टाळून. गाडीतल्या संडासाला कंटाळून पाणी न पिणं ही आपल्याकडची जुनी सवय. ती या प्रवासात महागात पडते.

कधी जायचं

एप्रिलअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. मेमध्ये सोलापूर तापत असताना हिमालय आठवणं साहजिक आहे, पण त्या दिवसांत दुपारी वर ढग, गारा आणि विजा येतात. हवा स्वच्छ हवी असेल तर ऑक्टोबर उजवा: चौखंबा शिखर धुऊन काढल्यासारखं दिसतं. जुलै-ऑगस्टचा विचार करू नका, रस्तेच बंद पडतात. डिसेंबर ते मार्च वाट बर्फाखाली असते. तेव्हा बुटांना लावायचे काटे आणि माहीतगार वाटाड्या नसेल तर हे ठिकाण आपल्यासाठी नाही. तुंगनाथ हा पंचकेदारांपैकी, म्हणजे गढवालमधल्या शंकराच्या पाच मंदिरांपैकी, तिसरा. हिवाळ्यात मंदिर बंद असतं आणि देवाची उत्सवमूर्ती मक्कूमठला नेतात. ज्यांना दर्शन घ्यायचंच आहे त्यांनी दार उघडण्या-बंद होण्याच्या त्या वर्षीच्या तारखा बघूनच तिकीट काढावं.

सपाट गावात चढाचा सराव

सोलापुरात चढ शोधावा लागतो. भुईकोट किल्ला नावाप्रमाणेच भुईवर आहे. त्यामुळे जिने हाच उपाय. एक मजला म्हणजे साधारण तीन मीटर. चार मजली इमारत तळापासून गच्चीपर्यंत एकदा चढली की बारा मीटर, पंचवीस फेऱ्या झाल्या की तीनशे. सहा आठवडे आधी सुरू करा: आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात दहा फेऱ्या, मग दर आठवड्याला चार-पाच वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर पाच किलोची पिशवी घ्या. पाण्याच्या पाच बाटल्या भरल्या की वजन तयार. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत आटपा. उतरताना घाई नको, कारण गुडघे खाली येताना दुखतात, आणि तो सरावही उतरण्यानेच होतो.

रविवारी तुळजापूरच्या घाटात चालून या. आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा पुणे गाठून सिंहगड पायथ्यापासून चढा. तो चढ साधारण सहाशे मीटरचा आहे. पाच किलोच्या पिशवीसह दीड तासात वर पोचून, उतरून, त्याच दिवशी दुसऱ्यांदा निम्मा तरी चढता आला तर पायांची काळजी मिटली. नाही जमलं तर तारीख पुढे ढकला किंवा तुंगनाथपर्यंतच जायचं ठरवा, त्यात कमीपणा काही नाही.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी तिकिटाआधी डॉक्टरांना गाठावं. उंचीवरच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी अनेक जण घेतात. प्रौढांसाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून, अशी पद्धत आहे. पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यावी, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगावं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते. हे माहीत नसलेला माणूस डोंगरावर उगाच घाबरतो.

पिशवीत काय

वीस-पंचवीस लिटरची पिशवी, भरल्यावर पाच-सहा किलोच्या आत. कपडे थरांनी: आत घाम लवकर वाळणारा बनियन, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन घरीच ठेवा. तो घामाने भिजला की वाळत नाही, आणि वर वाऱ्यात थांबल्यावर तोच अंगातली ऊब ओढून घेतो. कानटोपी, हातमोजे, दोन जोड लोकरी मोजे, गॉगल, सनस्क्रीन, डोक्याला बांधायची बॅटरी. मेमध्येही पहाटे शिखरावर पारा शून्याच्या जवळ असतो. सोलापुरी चादर रेल्वेत आणि खोलीवर न्या, वर नको. सुती आहे, जड आहे, आणि भिजली तर दुप्पट जड होते.

बूट नवे करकरीत नकोत. किमान महिनाभर जिन्यांवर वापरलेले, नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे. नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळून काळा पडतो.

खाण्यात आपण नशीबवान आहोत. कडक भाकरी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी असते आणि डोंगरावर शिजवावी लागत नाही. माणशी तीन पुरे. ती पिशवीत चुरा होते म्हणून तुकडे करून स्टीलच्या डब्यात ठेवा. पण उंचीवर तोंड कोरडं पडतं, नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, म्हणून ढाब्यावरच्या गरम डाळीत बुडवून खा. शेंगा चटणी मात्र चमचाभरच. सोलापुरात वाटी संपवणाऱ्याच्या पोटात तिथे लसूण-तेलाने जळजळ होते, आणि मग मळमळ उंचीची की चटणीची हे कळत नाही. चालताना खायला माणशी दीडशे ग्रॅम गूळ-शेंगदाणे आणि दोन राजगिऱ्याचे लाडू. पाणी निघताना दोन लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसची पुडी. दर तासाला तीनशे-चारशे मिली, तहान लागो न लागो.

रोख पैसे रुद्रप्रयाग किंवा उखीमठला काढून घ्या. चोपत्याला एटीएमच्या आशेवर राहू नका, विजेचा आणि मोबाइलच्या रेंजचाही भरवसा नाही. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. तो आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या.

चढाईचा दिवस

सूर्योदय वरून बघायचा तर मेमध्ये रात्री दीडला आणि ऑक्टोबरमध्ये अडीचला निघावं लागतं. आमचं स्पष्ट मत: पहिल्या खेपेला हा हट्ट सोडा. अंधारात घाईने चढून घामाघूम झालेली माणसं वर तासभर वाऱ्यात कुडकुडत बसतात, आणि झोप मोडलेली असते ती वेगळीच. साडेचारला निघा, आठ-साडेआठला वर पोचा. हवा तोवर स्वच्छच असते.

चोपता ते तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटरची दगडी फरसबंद वाट आहे. चुकायला जागा नाही. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. वेगाचं माप सोपं आहे: पंढरीच्या वाटेवर 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत दिंडी चालते, तसा मोठ्याने गजर करत चालता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला. तासाला पाच मिनिटं थांबा आणि थांबताक्षणी जॅकेट चढवा, घाम गार होण्याआधी. चालू लागलात की काढा. कंटाळवाणं वाटेल, पण सर्दी-हुडहुडी टाळायची असेल तर हेच करावं लागतं. घोडी-खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. ऑक्टोबरअखेरीस पहाटे फरशीवर दवाचा बर्फ होतो. तिथे सबंध पाऊल टेकवून चाला.

तुंगनाथला दोन ते तीन तासांत पोचाल. इथे वीस मिनिटं बसा, चहा घ्या, आणि प्रत्येकाची विचारपूस करा. डोकं दुखतंय का? मळमळ? सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं टाकता येतात का? नुसती हलकी डोकेदुखी असेल तर पाणी पिऊन अर्धा तास थांबा. ती उतरली तरच वर. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा फार थकवा असेल तर तिथूनच खाली. डोकेदुखीची गोळी खाऊन वर चढणं म्हणजे धोक्याची घंटा बंद करून ठेवणं. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर एक मिनिटही न थांबता उतरायचं, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

पुढचा दीड किलोमीटर कच्च्या, दगड-मातीच्या पायवाटेचा, उभा, तास-सव्वातासाचा. घोडी इथे येत नाहीत. गट इथेच फुटतो: तरणी पोरं पुढे पळतात आणि मागचे दमून थांबतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि सगळ्यात अनुभवी माणसाला मागे. शिखरावरून ७,१३८ मीटरचा चौखंबा सगळ्यात जवळ आणि भव्य दिसतो. डावीकडे केदारनाथचं शिखर, आणि उजवीकडे दूरवर नंदादेवी आणि त्रिशूल. अर्धा तास पुरे. कितीही उशीर झाला असला तरी दहा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. दहानंतर ढग दरीतून वर चढू लागतात. उघड्या धारेवर विजेच्या वेळी आडोसा नसतो.

दर्शन उतरताना घ्या, घाई राहत नाही. खाली यायला अडीच-तीन तास धरा. बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा, काठी पुढे टेका, पावलं लहान ठेवा. दुपारी एकच्या आत चोपता गाठलं की जेवून लगेच उखीमठची गाडी पकडा, तिथे रात्र काढायला कंटाळा करू नका. उंचीचा त्रास सहा ते बारा तासांनीही डोकं वर काढतो, म्हणजे चढाईच्या संध्याकाळी. १,३०० मीटरवर झोपलेल्याला तो सहसा जाणवतही नाही. तरीही रात्री कुणाचं डोकं ठणकू लागलं तर त्याच्या शेजारी कुणीतरी झोपा आणि सकाळी तडक रुद्रप्रयागच्या दिशेने उतरा. राखीव दिवस त्यासाठीच ठेवलेला आहे.