कोऱ्या कॅसेटची पारख करताना या चुका टाळा

माळ्यावरून बुटाचं खोकं उतरतं. आत पंधरा-वीस कॅसेट्स निघतात. कुणी घरी बसून रेडिओवरून भरलेल्या, कुणी दुकानातून गाणी भरून आणलेल्या, एक-दोन अजून कोऱ्या, वेष्टनातल्या. त्यातली एखादी लावली की आवाज बसलेला येतो, नाहीतर मधेच कापरा होतो, आणि लगेच निकाल लागतो : "कॅसेट गेली." गेली वीस-एक वर्षं मी लोकांच्या घरातल्या अशा कॅसेट्स ऐकून संगणकावर उतरवून देतो. "गेलेल्या" म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच कॅसेट्स प्रत्यक्षात धडधाकट होत्या. दोष कधी टेपरेकॉर्डरचा होता, कधी आतल्या लोकरीच्या एका तुकड्याचा. उलट भारी म्हणून जपून ठेवलेल्या काही खरोखर हातच्या गेल्या होत्या. म्हणून हा लेख.

ब्रँड आणि टाइप बघून टिकाऊपणा ठरवणं

ही सगळ्यांत मोठी चूक. "टीडीके आहे, म्हणजे चांगलीच" किंवा "सोनीची आहे, टिकेल" असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण एकच कंपनी साध्यापासून भारीपर्यंत सगळ्या प्रतींच्या फिती काढत असे. टीडीकेची 'डी' ही साधी फेरिक (लोहाच्या ऑक्साइडचा थर असलेली), म्हणजे टाइप वन. त्याच कंपनीची 'एसए' टाइप टू, जिला सरसकट क्रोम म्हणतात. मॅक्सेलची 'यूआर' साधी, 'एक्सएल टू' वरच्या दर्जाची. 1979 पासून धातूचे कण वापरलेली टाइप फोर, म्हणजे मेटल कॅसेट बाजारात आली, ती सगळ्यांत महाग.

पण टाइप हा आवाजाचा दर्जा सांगतो, आयुष्य सांगत नाही. टाइप टूवर वरच्या पट्टीतले आवाज, झांजा, सतारीची झंकार जास्त स्वच्छ उतरतात आणि मागची सळसळ कमी येते. ती कॅसेट तीस वर्षांनी वाजेल की नाही, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं : फितीची जाडी, कवच, आतला पॅड, आणि ती कुठे ठेवली होती. साध्या फेरिकच्या साठ मिनिटांच्या कॅसेट्स आज खणखणीत वाजताना मी रोज ऐकतो.

याच चुकीची दुसरी बाजू अशी, की क्रोम कॅसेट हौसेनं विकत घ्यायची आणि घरच्या साध्या टू-इन-वनवर भरायची. टाइप टूला रेकॉर्डिंगच्या वेळी जास्त बायस (आवाजासोबत फितीला दिला जाणारा, कानाला न ऐकू येणारा विद्युत संकेत) लागतो, आणि साध्या मशीनमध्ये ती सोयच नसते. मग आवाज चरचरीत आणि फाटका येतो. शिवाय जुनं गाणं नीट पुसलंही जात नाही, नव्याच्या खाली कुजबुजत राहतं. स्वस्त मशीन्समध्ये तर पुसायला साधं कायमचं चुंबक असायचं, त्यामुळे सळसळ आणखी वाढायची. दोष मशीनचा, नाव खराब होतं क्रोमचं. अशा घरात साधी फेरिक कॅसेटच उत्तम भरली जाते.

फक्त वाजवायचं असेल तर घाबरायचं कारण नाही. टाइप टू कॅसेट साध्या मशीनवर लावली की आवाज थोडा जास्त तीक्ष्ण येतो. ट्रेबल कमी करा, झालं. फितीला काही होत नाही.

एका कॅसेटमध्ये जास्त मावतं म्हणून सी-नव्वद, सी-एकशेवीस

'सी'पुढचा आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून किती मिनिटं मावतात ते. कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगानं धावते. म्हणजे एका बाजूच्या 30 मिनिटांना सुमारे 86 मीटर फीत लागते, 45 मिनिटांना जवळपास 129 मीटर, आणि सी-एकशेवीसच्या एका बाजूच्या 60 मिनिटांना 171 मीटर. कवच तेवढंच, फिरक्या तेवढ्याच, मग एवढी लांबी मावणार कशी? फीत पातळ करून. सी-साठची फीत साधारण 16 ते 18 मायक्रॉन जाड असते, सी-नव्वदची 12 च्या आसपास, आणि सी-एकशेवीसची जेमतेम 9. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा.

पातळ फीत ताणली जाते, कडेनं मुडपते, रोलरला चटकन गुंडाळते. तिच्यात आणखी एक दुखणं असतं : एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. शांत जागी, गायक आलाप सुरू करायच्या क्षणभर आधी, तोच आलाप पुसट ऐकू आला असेल तर ते हेच. म्हणून टिकाऊपणाची तुलना करताना पहिला प्रश्न ब्रँडचा नको, मिनिटांचा विचारा. सी-नव्वद चांगल्या मशीनवर वाजवायला हरकत नाही. सी-एकशेवीस सापडली तर ती मागेपुढे न पळवता एकदाच वाजवा आणि त्याच वेळी उतरवून घ्या.

आतला पॅड न बघताच कॅसेट टाकून देणं

हे मला सगळ्यांत जास्त लागतं, कारण पाच मिनिटांत बरं होणारं दुखणं असतं आणि त्यापायी आवाज कचऱ्यात जातात.

कॅसेट हातात घ्या, फितीची कड तुमच्याकडे करा. मधल्या चौकोनी खिडकीत फितीच्या मागे तांबूस पातळ पट्टी दिसेल. तिच्यावर नखाएवढा लोकरीचा चौकोन चिकटवलेला असतो. फीत हेडला, म्हणजे मशीनमधल्या आवाज वाचणाऱ्या आणि भरणाऱ्या भागाला, घट्ट टेकवून धरणं एवढंच त्याचं काम. त्याचा गोंद वाळतो आणि तो गळून पडतो. काही कॅसेटींमध्ये लोकरीऐवजी स्पंज असतो, त्याचा तर भुगा होतो. पॅड गेला की फीत हेडसमोर तरंगत राहते : आवाज दबका, वरखाली होणारा, कधी एका बाजूनं नाहीसा. ऐकणाऱ्याला वाटतं, फीत जुनी झाली.

टाकाऊ कॅसेटमधून पट्टीसकट पॅड काढून इथे बसवायचा. कवचाला पाच बारीक स्क्रू असतील तर काम सोपं. वर्तमानपत्र अंथरा, कॅसेट आडवी ठेवा, बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हरनं पाचही काढा आणि वरचा अर्धा भाग सरळ वर उचला, तिरका नाही. हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कारण कोपऱ्यातले दोन छोटे रोलर निसटले की फितीचा रस्ता लक्षात राहत नाही. फितीच्या वर आणि खाली एकेक पातळ निसरडा कागद असतो. तो सुरकुतलेला असेल तर फिरक्या जड फिरतात, तोही बदला. चिमट्यानं जुनी पट्टी उचला, नवी त्याच खाचेत बसवा. फक्त लोकर फेव्हिक्विकनं चिकटवायचा मोह टाळा. ते लोकरीत मुरतं, दगडासारखं वाळतं आणि फीत खरवडतं.

स्क्रू नसलेली, कडेनं जोडून टाकलेली कवचं उघडायची तर ती फोडावीच लागतात. पातळ पातं सांध्यात घालून हळूहळू सोडवा आणि फीत स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात हलवा. म्हणूनच कोरी कॅसेट निवडताना मी आजही स्क्रूवाली घेतो. पुढे दुरुस्तीची वेळ येतेच.

मशीनचा दोष कॅसेटच्या माथी मारणं

आवाज बसका आहे? आधी हेड बघा. त्यावर तपकिरी थर असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. रबरी पिंच रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी पुरे, अल्कोहोलनं रबर कोरडं पडत जातं.

तरीही बसका असेल तर हेडचा कोन. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या मशीनचा कोन जुळला नाही, तर वरचे आवाज मावळतात. हेडच्या शेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो पाव वेढ्याहून कमी, अगदी किंचित फिरवत जायचा आणि आवाज सगळ्यांत उजळ होईल तिथे थांबायचं. धुकं हटावं तसा आवाज उघडतो. प्रत्येक जुन्या कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं.

डॉल्बीचं, म्हणजे सळसळ कमी करणाऱ्या यंत्रणेचं, बटण हेही तसंच. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट त्याशिवाय वाजवली तर चमचमीत वाटते. न लावता भरलेली डॉल्बी लावून ऐकली तर मेलेली वाटते. बटण दोन्हीकडे करून ऐकल्याशिवाय कॅसेटच्या दर्जाबद्दल बोलू नये.

आणि अनोळखी मशीनमध्ये मोलाची कॅसेट पहिल्यांदा घालू नका. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका सी-नव्वदवर होत्या. जुन्या बाजारातून आणलेल्या डेकमध्ये मी उत्साहानं तीच आधी लावली. ओढून घेणारी फिरकी ढिली होती. तिसऱ्या ओवीला फीत रोलरभोवती गुंडाळली गेली. पेन्सिलीनं हळूहळू सोडवून परत गुंडाळली, पण तिथली घडी कायमची राहिली. आजही त्या जागी आजीचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. तेव्हापासून टाकाऊ कॅसेटची दोन्ही बाजूंनी अर्धा तास परीक्षा झाल्याशिवाय कोणत्याही मशीनवर माझा विश्वास बसत नाही.

पावसाळा विसरणं, आणि चुकीचे उपाय

कोकणात, मुंबईत, गोव्यात कॅसेटचा खरा शत्रू चुंबक नाही, दमट हवा आहे. स्पीकरला अगदी चिकटवून ठेवू नका, एवढी काळजी त्या बाबतीत पुरते. बुरशीचं तसं नाही. कॅसेट उजेडात तिरकी धरा आणि खिडकीतून वेढ्यांची कड बघा. निरोगी कड गुळगुळीत, एकसारखी गडद दिसते. पांढरे ठिपके, कापसासारखे धागे किंवा राखाडी साय दिसली तर ती वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळी ठेवा, मास्क लावून हाताळा, आणि कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही आठवडे राहू द्या. बुरशी वाळली की ब्रश किंवा मऊ कोरड्या कापडानं पुसली जाते, ओली असताना फक्त फासली जाते.

उन्हात वाळवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि तो घातक. कवच वाकतं, फीत ताणते. गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या कॅसेट्स अशाच गेल्या. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर फितीवर दव धरतं. 20 अंशांच्या आसपास आणि 40-50 टक्के आर्द्रता उत्तम, पण घरात एवढं जमणं कठीण. मधल्या खोलीतलं लाकडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कॅसेट्स डब्यात पुस्तकासारख्या उभ्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा गुंडाळून घ्या म्हणजे वेढे मोकळे होतात.

सीलबंद आहे म्हणून नवी समजणं

वेष्टन आतला काळ थांबवत नाही. पॅडचा गोंद वेष्टनातही वाळतो. जुना कोरा माल घेताना एक उघडून बघितल्याशिवाय दहाचा गठ्ठा घेऊ नका. नामांकित जपानी कॅसेटींच्या नकला आपल्याकडे पदपथावर भरपूर विकल्या गेल्या, त्याही आज "जुना अस्सल माल" म्हणून फिरतात. ओळखायचं कसं? छपाईच्या कडा धूसर, कवच हलवलं की खुळखुळतं, रोलरमध्ये धातूच्या खिळ्याऐवजी प्लास्टिकचाच खुंटा, आणि टाइप टू लिहिलेलं असून मागच्या कडेला टॅबशेजारची (टॅब म्हणजे मोडला की कॅसेटवर पुन्हा भरता येत नाही तो छोटा प्लास्टिकचा तुकडा) जादा खाच नाही. या शेवटच्या खुणेवरून पकड लवकर होते.

अगदी नव्या बनावटीच्या हव्या असतील तर मॅक्सेलची यूआर मिळते, अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी आणि फ्रान्समधली रेकॉर्डिंग द मास्टर्स याही कॅसेट्स काढतात.

दोन कॅसेटींची तुलना कानावर सोडणं

वेगळी गाणी, वेगळा आवाज, वेगळं मशीन, आणि मग "ही जास्त चांगली". असं ठरवता येत नाही. जी जोरात भरली ती कानाला नेहमी बरी वाटते. दोन्हींवर एकाच मशीनवर, डॉल्बी बंद ठेवून, मीटर एकाच ठिकाणी आणून एकच गाणं भरा. त्यानंतर दोन मिनिटं काहीच न देता नुसती शांतता भरा, म्हणजे सळसळ कळते. शेवटी मोबाइलवरून 8 किलोहर्ट्झचा एकसुरी नाद तीन मिनिटं भरा आणि डोळे मिटून ऐका. नाद स्थिर राहिला तर फीत चांगली. तो लुकलुकत असेल, डावीकडून उजवीकडे डोलत असेल, तर फितीवरचा थर असमान आहे, कड मुडपली आहे, नाहीतर कवच वाकडं आहे. फितीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तिन्ही जागी हे करा. सुरुवातीची काही मिनिटं जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये सगळ्यांत झिजलेली असतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

सेलोटेप

तुटलेली फीत साध्या सेलोटेपनं जोडू नका. गोंद पाझरतो आणि पुढचे वेढे चिकटतात. फितीच्या रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते, ती मागच्या बाजूनं लावायची, म्हणजे हेडकडे तोंड नसलेल्या बाजूनं. चकाकीवरून बाजू ठरवू नका, काही फितींत आवाजाचीच बाजू जास्त चकाकते.

टॅब मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा भरायचं असेल तर मात्र सेलोटेप चालते, पण फक्त टॅबच्या भोकावर. टाइप टूच्या कॅसेटला शेजारीच असलेली खाच त्याखाली झाकली गेली, तर डेक तिला साधी फेरिक समजून चुकीच्या बायसवर भरतो.

आणि ज्या कॅसेटवर घरातला आवाज आहे, तिचे टॅब आजच मोडा. कॅसेट समोर धरा, फितीची कड खाली. वरच्या कडेला डावीकडचा टॅब समोर दिसणाऱ्या बाजूचा असतो. तो मोडा, कॅसेट पालटा, पुन्हा डावीकडचा मोडा.