फूट, क्युसेक आणि न लागणारे निळे एलईडी

गणपती यायला चार दिवस होते. भावाच्या मुलाने, आठवीत आहे तो, पुठ्ठ्याच्या मखराला सतरा एलईडी बसवले होते. आठ तांबडे, नऊ निळे. सगळ्यांचे लांब पाय एका वायरीला, आखूड पाय दुसरीला, मध्ये १०० ओमचा एकच रेझिस्टन्स आणि मागे जुन्या वायफायच्या डबीचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. बटण दाबलं तर तांबडे झकास लागले आणि निळा एकही नाही. वर रेझिस्टन्समधून करपल्याचा वास.

"आत्ती, निळे सगळे खराबच दिलेत बघ दुकानात."

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅनेलची देखभाल बघते. पार्ट खराब आहे असं म्हणायच्या आधी मीटर (मल्टीमीटर) लावायचा, ही सवय तिथे हाडात मुरलीय. निळे खराब नव्हते. ते का लागले नाहीत हे त्याला समजावताना जे सांगितलं, तेच इथे लिहिते, कारण एवढं नीट कळलं की छंदापुरत्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया झाला असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात कोल्हापुरातलं लहान पोरही विचारतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की बातमीत आकडा येतो क्युसेकचा. फूट म्हणजे पाण्याची उंची. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. व्होल्ट म्हणजे हे फूट आणि अँपिअर म्हणजे हे क्युसेक.

आता उंची म्हटली की ती कुठून तरी मोजावी लागते. म्हणून "या वायरीत किती व्होल्ट आहेत?" हा प्रश्न अर्धाच राहतो. या वायरीत आणि त्या वायरीत किती, असं विचारायचं. मीटरला दोन काड्या असतात त्या यासाठीच. सुरुवातीला काळी काडी सप्लायच्या मायनसला धरून ठेवा आणि तांबडी हवी तिथे फिरवा.

यातूनच एक नेहमीची शंका सुटते. अ‍ॅडॅप्टरवर "१२ व्होल्ट, १ अँपिअर" लिहिलेलं असतं, आणि पोरांना वाटतं तो एक अँपिअर आत ढकलणारच. तसं नाही. बारा व्होल्ट तो देतो. एक अँपिअर ही त्याची जास्तीत जास्त ताकद. प्रत्यक्षात किती वाहील ते पुढे जोडलेलं सर्किट ठरवतं. म्हणून व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही.

वाहणं अडवतो तो रेझिस्टन्स, आणि तो किती अडवतो ते ओममध्ये मोजतात. व्होल्ट भागिले ओम, उत्तर अँपिअर. जॉर्ज ओम हे जर्मनीत मास्तर होते, त्यांनी हा नियम १८२७ साली छापला. मी कामावर रोज वापरते तो हाच.

मखराकडे हात लावण्याआधी मी त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि ब्रेडबोर्ड, म्हणजे डाख न देता पार्ट खोचून जोडायची भोकांची पट्टी, दिला. तुम्हीही तिथूनच सुरू करा. घरातल्या २३० व्होल्टच्या पॉइंटवर शिकायचं नाही, अ‍ॅडॅप्टर उघडायचाही नाही. एक तांबडा एलईडी घ्या. लांब पाय प्लसकडे. पाय कापलेले असतील तर कडेला जिथे सपाट आहे ती बाजू मायनस. तांबडा एलईडी स्वतःवर साधारण दोन व्होल्ट ठेवून घेतो. नवातून दोन गेले, उरले सात. हे सात रेझिस्टन्सवर पडणार. आपल्याला १५ मिलिअँपिअर हवेत, म्हणजे ०.०१५ अँपिअर. सात भागिले ०.०१५ म्हणजे ४६७. बाजारात जवळचा मिळतो ४७० ओम. दुकानात "चारशे सत्तरचा पाव वॅटचा रेझिस्टन्स" म्हणून मागा. ओमचा आकडा त्यावर रंगीत पट्ट्यांनी लिहिलेला असतो: पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी.

तो लावून झाल्यावर त्याच जागी १ किलोओमचा लावून बघा. करंट निम्म्याहून खाली, सात मिलिअँपिअरवर येतो, पण उजेड निम्मा झाल्यासारखा डोळ्याला वाटत नाही. बॅटरी जास्त टिकवायची असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मीटरबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं. साधा पिवळा डिजिटल मीटर पुरे. काळी काडी नेहमी "कॉम"च्या भोकात. तांबडी व्होल्ट-ओमच्या भोकात. तिसरं भोक १० अँपिअरचं, त्याच्याजवळ सध्या जायचं नाही. व्होल्ट मोजताना सर्किट चालू ठेवून दोन टोकांना काड्या टेकवायच्या. करंट मोजायचा तर वायर सोडून मीटर मध्ये घालावा लागतो, पाणी मीटरमधूनच जायला हवं ना. आणि त्या १० अँपिअरच्या वाटेत अडथळा जवळजवळ नसतोच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी करंट मोजून काडी त्याच भोकात विसरले आणि तशीच २४ व्होल्टच्या सप्लायला टेकवली. मोठी ठिणगी उडाली, काडीचं टोक वितळलं, सप्लायचा फ्यूज गेला आणि अर्धा तास एक लाइन बंद राहिली. तेव्हापासून करंट मोजून झाला की आधी काडी परत व्होल्टच्या भोकात घालते, मग बाकीचं.

आता मखर. मीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवला. अ‍ॅडॅप्टरच्या दोन टोकांत १२.१. एलईडींच्या दोन वायरींत १.९६. रेझिस्टन्सच्या दोन टोकांत १०.१४. मी त्याला शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज करायला लावली. १२.१०. त्याने माझ्याकडे बघितलं, परत मोजलं, परत बेरीज केली. एका वाटेवरचे सगळे उतार मिळून सप्लायची उंची भरतेच, हे जर्मन शास्त्रज्ञ किर्चहॉफ यांनी १८४५ साली मांडलं. पण स्वतःच्या हाताने मोजलं की ते पाठ करावं लागत नाही.

मग निळे का लागेनात? एलईडी पाइपासारखा वागत नाही, तो बंधाऱ्याच्या माथ्यासारखा वागतो. पाणी माथ्याला पोचेपर्यंत पलीकडे जवळजवळ थेंब नाही, आणि पोचलं की भसाभस. तांबड्याचा माथा दोन व्होल्टच्या आसपास, निळ्याचा तीनच्या थोडा वर. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त असते, म्हणून त्याला व्होल्टही जास्त लागतात. आता एकाच पाण्यावर शेजारी शेजारी दोन उंचीचे बंधारे घातले तर काय होईल? सगळं पाणी बुटक्यावरून निघून जाणार, पातळी तीनपर्यंत चढणारच नाही. मखरात तेच झालं होतं. तांबड्यांनी पातळी १.९६ वर धरून ठेवली आणि निळे कोरडे राहिले.

निळा एलईडी बनवणंही असंच अवघड गेलं. डोळ्याला दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखवला. झळझळीत निळा यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज तो चिल्लरीत मिळतो.

करपल्याचा हिशोबही मीटरवरच्या आकड्यांतच होता. १०.१४ व्होल्ट, १०० ओम, म्हणजे सुमारे ०.१ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट: जवळजवळ एक वॅट. पाव वॅटच्या रेझिस्टन्सवर चौपट बोजा. नशीब, खालचा पुठ्ठा पेटला नाही. ओम काढले की वॅट पण काढायचे, यात आळस करू नका.

तर नवी जोडणी अशी केली. एकाच रंगाचे एलईडी एकामागे एक, आणि प्रत्येक माळेला स्वतःचा रेझिस्टन्स. चार तांबडे म्हणजे आठ व्होल्ट, बारातून उरले चार, भागिले ०.०१५ म्हणजे २६७, लावला २७० चा. तांबडा, जांभळा, तपकिरी. अशा दोन माळा. निळे तीन-तीन, प्रत्येकी ३.१ धरला तर ९.३, उरले २.७, भागिले ०.०१५, बरोबर १८०. तपकिरी, राखाडी, तपकिरी. अशा तीन माळा. पाच माळांचे मिळून ७५ मिलिअँपिअर, अ‍ॅडॅप्टरला काहीच नाही. एकेका रेझिस्टन्सवर जास्तीत जास्त ०.०६ वॅट, हाताला कोमटही लागत नाही. पाच तांबडे एका माळेत बसले असते, पण मग रेझिस्टन्सवर दोनच व्होल्ट उरतात आणि अ‍ॅडॅप्टर जरासा वरखाली झाला की उजेड लगेच बदलतो. थोडी जागा सोडलेली बरी.

डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, २५ वॅटची डाखाची इस्त्री आणि राळ भरलेली डाखाची तार घेतली. इस्त्रीचं टोक जोडावर टेकवायचं, दोन सेकंद जोड तापू द्यायचा आणि तार जोडाला लावायची, इस्त्रीला नव्हे. जोड पुरता तापला की डाख आपण होऊन पसरतो आणि चकचकीत दिसतो. गोळा होऊन बसला तर जोड थंड होता. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर साबणाने हात धुवा, त्या तारेत शिसं असतं.

सप्लाय दिला. चार माळा लागल्या, एक निळी नाही. यावेळी तो "खराब" म्हणाला नाही, मीटर उचलला. लागलेल्या तांबड्या माळेच्या रेझिस्टन्सवर ४.२ व्होल्ट; भागिले २७०, साडेपंधरा मिलिअँपिअर, म्हणजे वायर न तोडता करंट कळला. बंद माळेच्या रेझिस्टन्सवर शून्य. वाहतच नाही तर उतार कुठून पडणार? वाट कुठेतरी तुटलीय. सप्लाय काढला, मीटर बीपवर ठेवला (वाट जोडलेली असली की तो वाजतो) आणि एकेक जोड तपासत गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या निळ्याच्या मधला डाख बोलेना. वरून गोलगरगरीत दिसत होता, नखाने हलवला तर आत पाय मोकळाच. परत तापवला, तार लावली, डाख पसरला. मग त्याने स्वतःच पिन बोर्डात घातली.