दगडी त्याच सडात परत परत का होते? या चुका टाळा

"डॉक्टर, मागच्या महिन्यात सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या, गाय बरी झाली होती. आता परत त्याच सडातून गाठी यायला लागल्यात." संकरित गायींच्या पट्ट्यात हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या गोठ्यात ऐकू येतं. दगडी म्हणजे कासेचा संसर्ग, कासदाह. हे वाक्य ऐकताना 'त्याच सडात' या दोन शब्दांकडे लक्ष द्यायला हवं. नवा संसर्ग चारपैकी कुठल्याही सडात होऊ शकतो. तोच सड दर काही आठवड्यांनी धरत असेल, तर बहुतेक वेळा जुना आजार मुळात गेलेलाच नसतो.

पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही की आतून हाताला बुळबुळीत लागते. त्या बुळबुळीत थराला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींतला डीएनए यांचा चिकट थर विणतात. गायीच्या कासेत दुधाच्या बारीक नलिकांच्या अस्तरावरही हेच घडतं. यात सर्वांत चिवट जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो नलिकांना चिकटतो, कासेच्या पेशींच्या आत शिरून बसतो, आणि दुखणं जुनं झालं की त्याच्याभोवती कठीण ऊतींची गाठ धरते. स्ट्रेप्टोकॉकस उबेरिस आणि ई. कोलायच्या काही जातीही असा थर करतात.

थराच्या तळाशी असलेले जिवाणू जवळजवळ सुस्त असतात. पेनिसिलीनसारखी औषधं वाढत्या जिवाणूची भिंत मोडतात. जो वाढतच नाही त्याला ती काय करणार? म्हणून थरातल्या जिवाणूला मारायला मोकळ्या जिवाणूच्या दहापट ते हजारपट औषध लागू शकतं. तेवढं औषध गायीच्या कासेत पोचवणं शक्य नसतं. खालच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

गाठी गेल्या की औषध बंद करणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दोन ट्यूबा सोडल्या, दूध पांढरंशुभ्र आलं, तिसरी ट्यूब फ्रीजमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवली. दूध स्वच्छ दिसलं याचा अर्थ एवढाच की दुधात मोकळे फिरणारे जिवाणू कमी झाले आणि सूज उतरली. थर जागेवरच असतो. औषधाचा जोर ओसरला की त्यातून जिवाणू सुटून परत दुधात येतात. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर पाचच दिवस, दूध पहिल्याच दिवशी चांगलं दिसलं तरी. स्टॅफिलोकॉकसच्या दुखण्यात पाच ते आठ दिवसांच्या लांब उपचाराने गुण येण्याची शक्यता वाढते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. उपचार चालू असताना आणि त्यानंतर ट्यूबच्या पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालायचं नाही. एकाच सडात औषध सोडलं तरी ते रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं.

याच्या उलट बाजूची चूकही होते. गुण येत नाही म्हणून दर दोन दिवसांनी औषध बदलायचं, मेडिकलवाला देईल ती नवी ट्यूब सोडायची. एकही औषध पुरतं लागू पडत नाही आणि सगळ्यांना सरावलेले जिवाणू तेवढे गोठ्यात उरतात.

प्रयोगशाळेच्या अहवालावर डोळे झाकून विसंबणं

दुधाची तपासणी करून कुठलं औषध लागू पडेल ते बघणं फार चांगलं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत याची माहिती मिळते. पण ही चाचणी मोकळ्या जिवाणूंवर होते, बायोफिल्मवर नाही. त्यामुळे अहवालात 'लागू' आलेलं औषधही जुनाट सडात हार खातं, आणि मग शेतकरी डॉक्टरांना किंवा कंपनीला दोष देतो. अहवाल 'लागू नाही' म्हणाला तर ते औषध नक्की टाळा. 'लागू' म्हणाला तर ती फक्त सुरुवात समजा.

नमुना घेण्यातही गफलत होते. औषध सुरू केल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात काही उगवतच नाही. आधी घ्या. पहिल्या धारा सोडून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या, निर्जंतुक बाटली आडवी धरून दोन-तीन धारा घ्या. बाटलीचा काठ सडाला लागू देऊ नका. बाटली बर्फात ठेवूनच न्या.

न दिसणारी दगडी न शोधणं

कास मऊ, दूध पांढरं, गाय रवंथ करतेय, पण एक सड रोज थोडं थोडं कमी देतो. ही सुप्त दगडी. बायोफिल्म इथेच निवांत पोसतो. दुधातल्या दैहिक पेशी (संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी मुख्यतः) एका मिलिलिटरला दोन लाखांच्या वर गेल्या की कासेत संसर्ग आहे असं धरतात. गोठ्यात हे सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) या चाचणीच्या चार वाट्यांच्या पॅडलवर कळतं. प्रत्येक सडाचं दोन-तीन मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, दहा-पंधरा सेकंद गोल हलवा. मिश्रण पाण्यासारखं राहिलं तर सड ठीक, शेंबडासारखं घट्ट झालं तर दुखणं आहे. द्रावण नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तशीच चाचणी करता येते. व्यालेल्या गायीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत मात्र करू नका, चिकामुळे खोटा निकाल येतो.

महिन्यातून एकदा ही चाचणी करून दोष असलेल्या गायींची धार शेवटी काढा. एवढ्या एका सवयीने गोठ्यातला प्रसार बराच थांबतो.

मशीन वरवर धुणं

बायोफिल्म फक्त कासेत नसतो. धारेच्या मशीनचं लायनर, म्हणजे सड ज्यात बसतो ती रबरी नळी, काढा, बोट आत घालून फिरवा. बुळबुळीत किंवा खरखरीत लागलं तर तुमचं मशीन रोज प्रत्येक सडाला जिवाणू वाटतंय. धार संपल्या संपल्या ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याने खळखळून घ्या. थंड पाण्याने स्निग्धांश गोठतो, उकळत्या पाण्याने प्रथिनं भिंतीवर शिजून चिकटतात. मग गरम पाण्यात अल्कलीची धुण्याची पावडर घालून ते मशीनमधून खेचा, शेवटी पाणी हाताला गरम लागलंच पाहिजे. आठवड्यातून एकदा ॲसिडने धुवा, बोअरचं पाणी जड असेल तर जास्त वेळा, कारण क्षारांचा जो पिवळट थर बसतो त्यावरच जिवाणू घर करतात. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

लायनर फाटेपर्यंत वापरायचं नसतं. साधारण २५०० दोहनं किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. एका संचावर दहा गायी दोन वेळा पिळत असाल तर रोजची २० दोहनं, म्हणजे चार महिन्यांत लायनर संपलं. बाहेरून चांगलं दिसणाऱ्या रबरला आतून बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि तिथे कुठलंही जंतुनाशक पोचत नाही.

हाताच्या सवयी

अंगठा मुडपून धार काढू नका, पूर्ण मुठीने काढा. अंगठ्याने सडाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि दुखावलेल्या जागी जिवाणू चटकन चिकटतात. एकाच फडक्याने सगळ्या कासा पुसणं बंद करा. पहिल्या धारा जमिनीवर नको, काळ्या कापडाच्या वाटीत काढा. धारेनंतर सड पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) आणि ग्लिसरीनच्या द्रावणाच्या कपात पूर्ण बुडवा, आणि कपात उरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. सडाचं तोंड मिटायला अर्धा ते एक तास लागतो, तोवर गाय बसू नये म्हणून गव्हाणीत ताजी वैरण टाका.

आणि सड बंद झाला म्हणून त्यात काडी, पिसाचा देठ, सायकलची तार घालणं कृपा करून थांबवा. याने सड कायमचा गेलेल्या गायी खूप आहेत.

लेपावर सगळा भार टाकणं

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही सुचवला आहे आणि सौम्य दुखण्यात तो अवश्य लावावा. पण गायीने चारा सोडला, ताप आहे, दूध पिवळसर पाण्यासारखं येतंय, तर ते बहुधा ई. कोलायचं विष आहे. तिथे लेप लावत दुपार घालवली तर रात्रीपर्यंत गाय आडवी होते. लगेच डॉक्टर.

भाकड काळ वाया घालवणं

दुभत्या काळात न हटलेला स्टॅफिलोकॉकस काढायची सर्वांत चांगली संधी गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी तिची धार बंद करताना, मिळते. दूध रोज काढून टाकलं जात नाही, त्यामुळे औषध आठवडेच्या आठवडे नलिकांत टिकतं. व्यायच्या दोन महिने आधी आटवा, शेवटची धार पूर्ण काढा आणि डॉक्टरांनी सांगितलेली भाकड काळाची ट्यूब चारही सडांत सोडा. सडांची टोकं स्पिरिटने पुसताना पलीकडचे सड आधी, अलीकडचे नंतर. ट्यूब सोडताना मात्र अलीकडचे आधी. असं केलं की पुसलेल्या सडाला मनगट लागत नाही. नळीचं टोक तीन-चार मिलिमीटरच आत घाला, पूर्ण खुपसलं तर सडाच्या तोंडातला मळ आणि जिवाणू थेट कासेत ढकलले जातात.

एवढं करूनही तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीचा सड गाठाळलेला आणि पेशी लाखांत राहिल्या, तर त्या सडावर पुढे पैसा घालू नका. डॉक्टरांना विचारून तो सड कायमचा आटवा. गाय विकायची असेल तर घेणाऱ्याला सांगून विका, कारण ती दुसऱ्याच्या गोठ्यात गेली की त्याच्या सगळ्या गायी त्याच लायनरखाली येतात.